डेव्हिल्स लेकला कुठल्या सीझनला जायचं

विस्कॉन्सिनमधलं डेव्हिल्स लेक स्टेट पार्क मॅडिसनहून गाडीने तासाभरावर, आणि बहुतेक लोक जुलैमधला रविवार बघून तिथे जातात आणि पार्किंग शोधण्यातच दमतात. तसं करू नका. उन्हाळ्यात जायचंच असेल तर मधल्या वारी जा, सकाळी आठच्या आत पोचा, पोहायला नॉर्थ शोर आणि साउथ शोर असे दोन बीच आहेत पण लाइफगार्ड नसतात, त्यामुळे मुलांवरची नजर हलवू नका. पेट्रोलच्या बोटींना बंदी आहे म्हणून कयाक घेऊन मध्यावर गेलात की वल्ह्यावरून पाणी ठिबकलेलंसुद्धा ऐकू येतं.

गाडीला पार्कच्या प्रवेशाचं स्टिकर लागतं. वर्षात दोन-तीनदा जाणार असाल तर वार्षिकच घ्या. कॅम्पिंगचं बुकिंग ११ महिने आधी उघडतं, वीकेंड हवा असेल तर त्याच दिवशी करून टाका.

माझा सगळ्यात आवडता काळ ऑक्टोबरचा मध्य. दोन्ही बाजूंना जवळपास ५०० फूट उंच जांभळट-गुलाबी क्वार्टझाइट दगडाचे कडे, खाली ३६० एकरांचं तळं, आणि मध्ये लाल-पिवळी झाडं. हिमयुगात ग्लेशिअरने दरीची दोन्ही टोकं माती-दगडांनी बुजवली म्हणून हे तळं तयार झालं, आणि वरून बघितलं की ते लगेच पटतं. बॅलन्स्ड रॉकची वाट चढायला घ्या, पण उतरताना गुडघे जपा, तिथल्या दगडी पायऱ्या खूप उंच-उंच आहेत, आणि जरा पाऊस झाला की हा दगड भयंकर घसरतो, तेव्हा चपला-सँडल नकोत, चांगल्या ग्रिपचे बूटच पाहिजेत.

हिवाळ्यात गर्दी अजिबात नसते. बुटांना लावायचे स्पाइक्स न्या, कड्यावरच्या वाटा टाळा, खाली काठाकाठाने टम्बल्ड रॉक्सची वाट धरा, पण तीही बर्फाने निसरडी झाली असेल तर मागे फिरा. थंडी वाढली की गोठलेलं तळं आतून कण्हल्यासारखा लांब, खोल आवाज काढतं, तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी तसाच थांबलो होतो. बर्फावर मासे पकडणारे दिसले तरी जाडी माहीत नसेल तर तुम्ही उतरू नका.

मार्च-एप्रिलमध्ये चिखल असतो, पुढे मे महिन्यात पाणी अजून गार आणि टिक्स (रक्त पिणाऱ्या गोचिडी) सुरू झालेल्या, त्यामुळे पायमोज्यात पँट खोचा आणि घरी आल्यावर गुडघ्यांच्या मागे, केसांत नीट तपासा.