संकल्प फेब्रुवारीत मोडतात ते या चुकांमुळे

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती सकाळी चालायला वाट मिळत नाही. फेब्रुवारी उजाडला की पुन्हा नेहमीचेच चेहरे. ही गळती मी दरवर्षी बघते आणि दरवर्षी वाईट वाटतं, कारण येणाऱ्यांत आळशी असे फारच थोडे. बाकीच्यांचं गणित चुकतं, आणि तेही दरवेळी त्याच जागी.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आपल्या सर्वांत चांगल्या दिवसाच्या मापाने संकल्प बेतणं. आमच्या ऑफिसातले एक डोंबिवलीकर आहेत. एका जानेवारीत त्यांनी मुंबई मॅरेथॉन पाहिली आणि सोमवारपासून सगळं एकदम सुरू केलं. पहाटे साडेचारला उठायचं, पाच किलोमीटर धावायचं, साखर बंद, भात बंद, रात्री दहाला झोप. ज्या माणसाला संध्याकाळची गाडी वेळेवर मिळाली तरी घरी पोचायला नऊ वाजतात, तो दहाला झोपणार कसा? पहिला आठवडा हौसेवर निघाला. दुसऱ्या आठवड्यात नडग्या दुखायला लागल्या. वर्षानुवर्षं न धावलेल्या पायांवर एकदम भार टाकला की हेच होतं. तर त्यांनी वेदनाशामक गोळी घेऊन धावणं चालू ठेवलं. दादरच्या पुलाच्या पायऱ्या कठड्याला धरून, एकेक पाय टेकत चढताना मी त्यांना पाहिलंय. धावणं सुटलं, त्यापाठोपाठ भात आला, साखर आली. त्याहून वाईट म्हणजे ‘आपल्यात चिकाटीच नाही’ हे त्यांनी मनाशी पक्कं करून टाकलं.

पाय बरे झाल्यावर मी त्यांना एकच गोष्ट करायला सांगितली: संध्याकाळी स्टेशनला उतरलात की शेअर रिक्षाच्या रांगेत उभं न राहता चालत घरी जा. वीस मिनिटांचा रस्ता. बाकी काही बदलायचं नाही, पहाटेचा गजरही लावायचा नाही. आधी त्यांना हे फारच किरकोळ वाटलं. घाई झालेल्या माणसाला छोटं काम नेहमीच अपमानासारखं वाटतं. पण हे चालणं टिकलं. पावसाळ्यात छत्री घेऊन टिकलं. आता त्यांना रिक्षाच्या रांगेत उभं राहणंच नको वाटतं.

कुणी संकल्प सांगितला की मी एवढंच विचारते: गाडी अर्धा तास लेट आहे, वरून पाऊस आहे, घरी पाहुणे आलेत, त्या दिवशी हे जमेल का? नसेल जमणार तर निम्मं करा. तरी नसेल जमणार तर आणखी निम्मं. वाढवायला पुढे वेळ असतो.

दुसरी चूक म्हणजे ‘२१ दिवसांत सवय लागते’ यावर विश्वास ठेवणं. व्हॉट्सॲपवर चालणाऱ्या या २१ दिवसांच्या चॅलेंजचा मला मनापासून राग येतो. या आकड्याचा उगम साधारणपणे मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लिखाणात सांगितला जातो. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. पुढे ‘किमान’ गळालं आणि चेहऱ्याच्या जागी व्यायाम आला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला. त्यात एखादी गोष्ट अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतील असं दिसलं, आणि माणसागणिक हा अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागते, व्यायामाची उशिरा. त्यामुळे बाविसाव्या दिवशी उठताना जिवावर आलं तर तुमच्यात काही खोट नाही. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. लग्नाला गेलात, खाडा झाला, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा. ‘आता सोमवारपासून’ म्हणू नका.

दहा हजार पावलांचंही तसंच. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्रामुळे रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. रोज पंचवीस मिनिटं भरभर चाललात तरी १५० मिनिटं होऊन जातात.

रोज वजन करू नका. अंगातल्या पाण्यानेच काटा किलोभर इकडे-तिकडे होतो.

महागडे बूट आधी घेऊन ठेवणं हा व्यायाम नव्हे. तीन महिने चाला, मग घ्या.

‘सकाळी कधीतरी करीन’ हेही चालत नाही. दात घासले की लगेच सूर्यनमस्कार, असं रोजच्या एखाद्या कामाला बांधून टाका.

पावसाळ्याचा विचार न करता केलेला संकल्प मुंबईत जूनमध्येच वाहून जातो. मी मे महिन्यातच ठरवून ठेवते: पाऊस असेल तर इमारतीचे जिने चढायचे. त्या दिवशी सकाळी खिडकीतून बघून ठरवायला बसलं की पांघरूणच जिंकतं.

शेवटचं, खाण्याचं. ‘वडापाव बंद’ हा संकल्प सात वाजता, रिकाम्या पोटी, स्टेशनबाहेरच्या गाडीवरून तळणीचा वास येत असताना पाळायचा असतो. तिथे कुणाचाही निश्चय ढळेल. मी बॅगेत फुटाणे आणि शेंगदाण्यांचा डबा ठेवते आणि सहा वाजता, ऑफिसातून निघायच्या आधी, टेबलावरच मूठभर खाते. गाडीपाशी पोचेपर्यंत भूक राहत नाही. तरीही एखाद्या दिवशी वडापाव खावासा वाटला तर एक खा, आणि घरी चालत जा.