दाताच्या ग्राउंड सेक्शनची स्लाइड ओळखायची कशी

फर्स्ट इयर बीडीएसवाल्यांसाठी लिहितेय, कारण ओरल हिस्टॉलॉजीच्या स्पॉटरला (स्लाइड ओळखायच्या परीक्षेला) बरीच पोरं मायक्रोस्कोपला डोळा लावला की लगेच हाय पॉवर लावून स्ट्रक्चर शोधत बसतात आणि मग टफ्टला स्पिंडल (दोन्ही इनॅमलमधलीच, पण वेगळी स्ट्रक्चर) लिहून येतात. असं करू नका, आधी आपण दातात नक्की कुठे आहोत ते बघा.

लो पॉवरवर अख्खं सेक्शन फिरवून घ्या आणि ग्राउंड (दात तसाच घासून पातळ केलेला) आहे की डीकॅल्सिफाइड (ॲसिडने मिनरल काढून टाकलेला) तेवढंच ठरवा. इनॅमल वजनाने जवळपास 96 टक्के मिनरल, त्यामुळे ॲसिडमध्ये ते विरघळून जातं आणि डीकॅल्सिफाइड स्लाइडमध्ये तिथे नुसती रिकामी जागा उरते, पल्प आणि पीडीएल (दाताला हाडात धरून ठेवणारं लिगामेंट) मात्र मस्त गुलाबी-जांभळे दिसतात. ग्राउंडमध्ये बरोबर उलटं, इनॅमल शाबूत आणि पल्पच्या जागी पोकळी.

ग्राउंड असेल तर आता डीईजे शोधा, म्हणजे इनॅमल आणि डेंटिनमधली ती लहरी रेघ. माझ्या मते ही रेघ सापडली की अर्धं काम झालं. टफ्ट इथूनच निघतात, गवताच्या झुबक्यासारखे, आणि इनॅमलच्या जाडीच्या एक पंचमांश ते एक तृतीयांशापर्यंत जाऊन संपतात. इथे फाइन फोकस हळूहळू फिरवून बघाच, झुबक्याची एकेक पात वेगवेगळ्या पातळीवर फोकसमध्ये येते, कारण सेक्शन जाड असतं आणि सगळ्या पाती एकावर एक दिसून झुबका वाटतो. स्पिंडलपण डीईजेवरूनच निघतं पण एकदम आखूड, सुटं, टोकाला जाड, आणि जास्त करून कस्पच्या टोकाखाली, कारण ती ओडोंटोब्लास्टची (डेंटिन बनवणाऱ्या पेशीची) प्रोसेस, म्हणजे शेपटी असते जी डीईजे ओलांडून इनॅमलमध्ये शिरलेली असते. लॅमेला (इनॅमलमधली पातळ, तड्यासारखी पट्टी) मात्र बाहेरच्या पृष्ठभागावरून आत येते, कधीकधी थेट डेंटिनपर्यंत. सेक्शन घासताना पडलेला तडाही असाच दिसतो, मग फरक काय असं व्हायव्हात हमखास विचारतात, तर सांगा की जपून डीकॅल्सिफाय केलं तर तडा नाहीसा होतो, लॅमेला राहते.

स्ट्राय ऑफ रेट्झियस (इनॅमलच्या वाढीच्या रेघा) सोप्या आहेत, उभ्या सेक्शनमध्ये तिरप्या तपकिरी रेघा, आडव्यात गोल गोल. हंटर-श्रेगर बँड (इनॅमलमधले गडद-फिके पट्टे) बघायला रिफ्लेक्टेड लाइट लागतो.

डेंटिनमध्ये गोंधळ होतो तो इंटरग्लोब्युलर डेंटिन (नीट मिनरल न भरलेले भाग) आणि टोम्सच्या ग्रॅन्युलर लेयरचा, दोन्ही काळंच दिसतं ना! इथे रंग सोडा, जागा बघा. क्राउनमध्ये, डीईजेपासून थोडं आत, मोठे वेडेवाकडे काळे ठिपके असले तर इंटरग्लोब्युलर, आणि रूटमध्ये सिमेंटमच्या (रूटवरच्या आवरणाच्या) लगेच आत बारीक दाणेदार पट्टा असला तर टोम्स.

तसंच रूटच्या टोकाकडे गेलात की सेल्युलर सिमेंटम लागतं. त्यातल्या लॅक्युनांचे (पेशींच्या पोकळ्यांचे) कॅनालिक्युली (बारीक नळ्या) बहुतेक पीडीएलच्या दिशेला वळलेले असतात, तिकडूनच त्यांना पोषण मिळतं, त्यामुळे रेकॉर्डमध्ये चित्र काढताना त्या रेघा बाहेरच्या बाजूलाच काढा, चहूबाजूंनी काढल्यात तर ते बोन दिसेल.