खाऊतून खडक शिकवताना या चुका टाळा

चॉकलेटचा कीस दाबला की स्तरित खडक, तोच मायक्रोवेव्हमध्ये वितळवला की रूपांतरित खडक. हा प्रयोग मी बरीच वर्षं असाच घेत होते. मग एकदा तासाच्या शेवटी मुलांना विचारलं, संगमरवर कसा तयार होतो? जवळपास सगळ्यांचं उत्तर एकच आलं: चुनखडक वितळतो आणि पुन्हा घट्ट होतो. मुलांचं काही चुकलं नव्हतं. मी जे दाखवलं होतं, तेच त्यांनी सांगितलं.

म्हणून सगळ्यात मोठी चूक आधी घेते.

रूपांतर म्हणजे वितळणं नव्हे

रूपांतरित खडक घन अवस्थेतच बदलतो. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास हा बदल सुरू होतो. पुढे तापमान कित्येक शे अंश वाढलं तरी खडक घनच असतो. त्यातली खनिजं मात्र नव्याने मांडली जातात, काही नवीन तयार होतात. एकदा का तो वितळला आणि थिजला, की तो अग्निजन्य झाला.

ही सीमा चॉकलेटमध्ये फार छान दाखवता येते. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि तळहाताची ऊब त्याच्या किंचित खाली असते. म्हणजे रूपांतरासाठी मायक्रोवेव्ह लागतच नाही. तीन रंगांच्या चॉकलेटचा कीस थरांनी फॉइलमध्ये ठेवा, दाबा, उघडून थर बघू द्या. मग पुडी पुन्हा बंद करून अर्धा मिनिट दोन्ही तळहातांत धरायची आणि टेबलावर ठेवून जोरात दाबायची. उघडल्यावर पट्टे ताणलेले, वाकलेले दिसले पाहिजेत, पण रंग वेगवेगळे ओळखू आले पाहिजेत. रंग एकजीव झाले असतील तर ते वितळलं. ती पुडी टाकू नका. ‘हा आता रूपांतरित राहिला नाही, अग्निजन्य झाला’ हे वाक्य मुलांना त्या पुडीवरूनच सगळ्यात चांगलं कळतं.

खोली गरम असेल तर चॉकलेट हातात घेताक्षणीच लडबडतं. अशा वेळी कीस आधी फ्रीजमध्ये ठेवा आणि गडद चॉकलेटचं प्रमाण वाढवा; दुधाचं चॉकलेट लवकर मऊ पडतं.

इथेच आणखी एक गोष्ट हमखास बिघडते. मुलं पुडीचा गोळा करतात. चारही बाजूंनी सारखा दाब दिला की पट्टे दिसतच नाहीत, आणि मग पाटीचा दगड (हाही रूपांतरित खडकच) पापुद्र्यांत का फुटतो हे समजावायला हातात काही उरत नाही. अभ्रकासारखी चपटी खनिजं दाबाच्या दिशेला काटकोनात रांगेने बसतात, म्हणून तो तसा फुटतो. हे स्पष्ट दिसावं असं वाटत असेल, तर मऊ टॉफीत लांबट रंगीत साखरदाणे मिसळा, फक्त वरून दाबून चपटं करा आणि सुरीने उभा काप घ्या. बरेचसे दाणे आडवे पडलेले दिसतील. मला स्वतःला चॉकलेटपेक्षा हा प्रयोग जास्त आवडतो.

नुसतं दाबून खडक होत नाही

ब्रेडचे स्लाइस एकावर एक ठेवून वर पुस्तकांचा ढीग, हा दुसरा लाडका प्रयोग. त्यात थर छान दिसतात, पण गोष्ट अर्धीच राहते. गाळ दबला की त्यातली हवा-पाणी निघून जातं, कण जवळ येतात, तरी तो खडक होत नाही. कणांमधल्या फटींतून पाणी झिरपतं, त्यातून कॅल्साइट, सिलिका किंवा लोहाची ऑक्साइडं साचतात आणि कण सांधले जातात. हे सांधणं ब्रेडमध्ये कुठेच नाही.

दोन पेले घ्या. दोन्हींत बिस्किटांचा भरड चुरा, पण एकात थोडा मध मिसळलेला. दोन्ही सारखेच दाबून तासभर फ्रीजमध्ये ठेवा आणि ताटात उलटे करा. कोरडा ढासळतो, मधाचा उभा राहतो. तोही ढासळला तर मध फार झालाय किंवा चुरा पिठासारखा बारीक आहे.

थर रचताना ‘यातला सगळ्यात जुना कोणता?’ हे विचारायला विसरू नका. खालचा थर आधीचा, हे साधं वाटणारं तत्त्व डॅनिश शास्त्रज्ञ निकोलस स्टेनो यांनी १६६९ मध्ये मांडलं आणि खडकांचा इतिहास वाचायची सुरुवात तिथून झाली.

खडीसाखरेला चुकीचं नाव

साखरेच्या पाण्यात दोरा सोडून स्फटिक वाढवायचे आणि त्याला ग्रॅनाइट म्हणायचं, हे पुष्कळ ठिकाणी चालतं. ग्रॅनाइटचे स्फटिक शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, सावकाश थंड होताना वाढतात. दोऱ्यावरची साखर पाण्यातल्या द्रावणातून बाहेर पडते. तिची तुलना आटलेल्या समुद्राच्या जागी उरलेल्या मिठाच्या थरांशी करा, ती बरोबर बसते.

स्फटिक आलेच नाहीत तर बहुधा साखर कमी पडलेली असते. २० अंशांना १०० मिली पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते, उकळत्या पाण्यात ४८० ग्रॅमहून अधिक. वाटीभर पाण्याला दोनच वाट्या साखर घातली तर थंड झाल्यावरही ती सगळी सहज विरघळलेलीच राहते. तीन वाट्या घ्या. दोरा ओला करून साखरेत घोळवा, पूर्ण वाळू द्या, आणि द्रावण कोमट झाल्यावरच सोडा. गरम पाण्यात सोडलात तर चिकटलेले दाणे आधी विरघळून जातात. बरणी आठवडाभर हलवायची नाही. मुलांना ती रोज उचलून बघायची असते, म्हणून ती उंचावर पण दिसेल अशी ठेवा.

अग्निजन्य खडकच दाखवायचा असेल तर १५० अंशांपर्यंत शिजवलेला पाक थंड ताटात ओता. तो झटकन थिजतो, स्फटिकांना वाढायला वेळच मिळत नाही आणि काच तयार होते. ज्वालामुखीतली काच, म्हणजे ऑब्सिडियन, अशीच बनते. मात्र हे काम मोठ्यांनीच करायचं, मुलं जवळ नसताना. एवढा गरम पाक त्वचेला चिकटून राहतो आणि खोलवर भाजतो. तयार तुकडाच वर्गात न्या.

एकाच दिशेचं चक्र

स्तरित, मग रूपांतरित, मग अग्निजन्य, अशा क्रमाने प्रयोग संपवला की मुलांना वाटतं खडक इयत्तांसारखे वर चढत जातात. चॉकलेट वितळवून थिजवलेला शेवटचा ठोकळा किसायला द्या. हाताने दाबलेला तुकडाही किसा. दोन्हींचा पुन्हा गाळ होतो. मग थेट किसापासून वितळवलेलं काय, हा प्रश्न एखादं मूल स्वतःच काढतं.

चॉकलेट वितळवायचं भांडं कोरडंठाक हवं. पाण्याचा एक थेंब पडला तरी त्याचा खरबरीत गोळा होतो.

सुकामेवा, दूध, गहू यांची ॲलर्जी पालकांना आधीच विचारा, आयत्या वेळी मुलांना नको. अगदी लहान मुलं असतील तर कडक साखरेचे तुकडे आणि अख्खे दाणे वगळा. खरे दगड वेगळ्या ताटात आणि वेगळ्या टेबलावर ठेवा, कारण खाऊचे खडक हातात असताना मुलं दगडही तोंडात घालतात.

आणि खाण्याआधी चित्र काढून घ्या. एकदा खायला सुरुवात झाली की कोणी वहीकडे बघत नाही. चित्राखाली मी एकच प्रश्न लिहायला देते: आपला खडक खऱ्या खडकासारखा कुठे नाही? ‘आपण पाच मिनिटांत केला, खऱ्याला लाखो वर्षं लागतात’ हे उत्तर बहुतेकांचं असतं. एका मुलीने लिहिलं होतं, दाबल्यावर चॉकलेटमध्ये नवीन काहीच तयार झालं नाही, चॉकलेटच राहिलं. त्या दिवशी मी तिला शिस्ट या रूपांतरित खडकाचा तुकडा भिंगाखाली दाखवला; त्यात रूपांतर होताना नव्याने तयार झालेले गार्नेट या खनिजाचे लाल दाणे होते.