पवन ऊर्जा आणि ग्रीड: सरासरी बाजूला ठेवा

इलेक्ट्रिकलची पदवी घेऊन मी ग्रीड स्टडीच्या, म्हणजे वीजजाळ्याच्या अभ्यासाच्या, कामाला लागलो. पहिल्या अहवालात सगळा हिशेब वर्षाच्या सरासरीवर मांडला होता: वाऱ्यातून इतके युनिट, मागणी इतकी, गणित चोख जुळलं. वरिष्ठांनी एवढंच विचारलं, "सुट्टीच्या दिवशी पहाटे तीनला काय होतं?" मागणी तळाला आणि वारा जोरात, अशी ती वेळ. माझी वाचाच बसली.

तेव्हापासून मी सगळ्यात आधी एक आलेख काढतो: दर तासाची मागणी वजा दर तासाची पवन वीज. उरलेलं बाकीच्या वीजनिर्मिती संचांनी भागवायचं. ही रेघ किती खाली जाते आणि संध्याकाळी किती झपाट्याने चढते, यातच निम्मा अभ्यास येतो. औष्णिक संच ठरावीक पातळीखाली चालत नाही आणि बंद केला तर पुन्हा तापायला काही तास घेतो. जलविद्युत मिनिटांत भार उचलते. डेन्मार्क निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यातून मिळवतो, हे सगळे सांगतात. त्याच्या पाठीशी नॉर्वेची धरणं आणि शेजाऱ्यांशी जोडलेल्या वाहिन्या आहेत, हे स्लाइडवर क्वचितच असतं.

फोरकास्टशी मैत्री करा, पण जपून. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ८ मीटरचा अंदाज असताना ९ मीटर वाहिला, तर शक्ती सुमारे ४२ टक्क्यांनी जास्त. मात्र लांब लांब पसरलेल्या पवनचक्क्यांच्या चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खोडून काढतात.

मला सगळ्यात उशिरा उमगलं ते सेकंदांचं जग. जुन्या संचांचे जड रोटर फिरत असतात, म्हणून एखादा संच बंद पडला तरी फ्रिक्वेन्सी (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं) एकदम कोसळत नाही. आधुनिक पवनचक्क्या इन्व्हर्टरमागे, म्हणजे वीज ग्रीडला जुळेल अशी करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणामागे, असतात. त्यांचं जडत्व ग्रीडला आपोआप मिळत नाही.

२८ सप्टेंबर २०१६ ची दक्षिण ऑस्ट्रेलियातली घटना मुळातून अभ्यासा. वादळात वीजवाहिन्यांचे मनोरे पडले, दोन मिनिटांत व्होल्टेज वारंवार खाली गेलं. काही पवन प्रकल्पांच्या नियंत्रणात असे किती धक्के सोसायचे याची मर्यादा घातलेली होती. ती ओलांडताच ४५६ मेगावॉट गेले, शेजारच्या राज्याकडून येणारी जोडणी जादा भाराने तुटली आणि अख्खं राज्य अंधारात गेलं. वारा तर होताच! ग्रीड चालवणाऱ्यांना ती मर्यादा आधी माहीतच नव्हती. पुढे ही सेटिंग बदलण्यात आली.

म्हणून नव्या प्रकल्पाचा अभ्यास हाती आला की पहिल्याच आठवड्यात कंपनीकडे नियंत्रणाच्या सेटिंग आणि संगणकीय मॉडेल मागा. गुपिताच्या नावाखाली टाळाटाळ होईल, अर्धवट फाइल येईल, मग पुन्हा पत्र. माझे एकदा यातच चार महिने गेले आणि प्रत्यक्ष सिम्युलेशनला तीन आठवडे उरले.