विकतच्या नकाशाला ठाण्याची खाडी जोडताना

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचा खेळ. त्याच्या मोहिमेत, म्हणजे अनेक सत्रं चालणाऱ्या गोष्टीत, तयार नकाशा वापरताना बहुतेकांचं माप चुकतं. खेळातल्या लढाईत एक इंचाचा चौकोन म्हणजे ५ फूट. ए४ कागदावर कडा सोडून ७ बाय १० चौकोन नीट बसतात, म्हणजे २० बाय २० च्या तळघराला ६ कागद लागतात. छापताना ‘फिट टू पेज’ बंद करून १०० टक्के ठेवा. नाहीतर चौकोन आक्रसतो आणि सोंगट्या त्यात मावत नाहीत.

प्रदेशाच्या नकाशात बऱ्याचदा एक षटकोन ६ मैलांचा, म्हणजे जवळजवळ १० किलोमीटरचा असतो. अशा नकाशावर ठाण्याची खाडी बसवायची तर ठाणे ते बेलापूर साधारण २० किलोमीटर, त्यामुळे सगळी खाडी दोन षटकोनांत संपते आणि खेळाडूंना शोधायला काही उरत नाही. षटकोन १ मैलाचा घेतलात की तेच अंतर बारा षटकोनांचं होतं. मग खारफुटी, येऊरचं जंगल, पारसिकचा डोंगर, बेलापूरचा किल्ला सगळ्यांना जागा मिळते.

देवांच्या बाबतीत मात्र जपून. गावदेवी किंवा म्हसोबाला थेट हिट पॉइंट (लढाईत घाव बसला की कमी होणारे जिवाचे गुण) देऊ नका. टेबलावरच्या कुणाच्या तरी घरी त्यांची पूजा होत असते. नाव काल्पनिक ठेवा, काम तेवढं उचला: शिवेवरचा राखणदार, भरतीची मालकीण. प्रत्येक देवतेला एक मागणी, एक वर्ज्य गोष्ट आणि नकाशावरची एक ठरलेली जागा द्या. खेळाच्या पुस्तकातल्या ढीगभर देवांपैकी चार पुरतात. क्लेरिकचं, म्हणजे देवाकडून शक्ती मिळवणाऱ्या पात्राचं, डोमेन (शक्तीचं क्षेत्र) त्यातल्या एकाशी जुळतंय ना, हे पहिल्या सत्राआधीच तपासा.