धुतलेल्या कपड्यांवरचा टिश्यू पेपरचा लगदा कसा काढावा

मशीनचे झाकण उघडल्यावर काळ्या पँटवर, कुर्त्यावर आणि मोज्यांवर पांढरे कपटे चिकटलेले दिसले, की कोणत्या तरी खिशात टिश्यू पेपर राहून गेला होता हे लगेच लक्षात येते. अशा वेळी पहिली इच्छा होते ती ओल्या कपड्यावरूनच ते कपटे नखाने खरवडण्याची किंवा हाताने चोळून काढण्याची, आणि नेमके तेच टाळायला हवे. कागदाचे तंतू आणि सुती धागा हे दोन्ही मुळात सेल्युलोजचेच असतात. ओलाव्यामुळे कागदाचा लगदा कापडाला घट्ट धरून राहतो आणि चोळल्यावर तो विणीच्या आत शिरतो, त्यामुळे आधी सहज निघू शकणारे कपटे नंतर एकेक करून वेचावे लागतात.

म्हणून कपडे मशीनमधून एकेक करून, न पिळता बाहेर काढावेत. ज्या कपड्याच्या खिशात कागद होता तो आधी शोधावा, त्याचा खिसा उलटा करून आतला गोळा काढून टाकावा आणि तो कपडा बाकीच्यांपासून वेगळा ठेवावा. कपड्यांवर लगदा फारच जास्त असेल, तर बादलीभर साध्या पाण्यात एका वेळी एक-दोनच कपडे बुडवून, दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवावेत. सुटे झालेले कपटे पाण्यात उतरतात. ते पाणी थेट मोरीत न ओतता जुन्या गाळणीतून किंवा फडक्यातून ओतावे, नाहीतर मोरीच्या जाळीवर लगदा साचून पाणी तुंबते. कपटे थोडेच असतील, तर पुन्हा धुण्याच्या फंदात पडू नये.

खरे काम कपडे पूर्ण वाळल्यावर करायचे असते. वाळलेला कागद हलका आणि ठिसूळ होतो, कापडावरची त्याची पकड सुटते आणि ओलेपणी हट्टाने चिकटून बसलेला कपटा एका झटक्यात उडून जातो. त्यामुळे कपडे उन्हात किंवा पंख्याखाली कडक वाळू द्यावेत. पावसाळ्यात घरातल्या दोरीवर कपडे दमट राहतात, तेव्हा एक दिवस जास्त थांबावे लागले तरी चालेल, पण अर्धवट ओल्या कपड्याला हात लावू नये. वाळलेला कपडा खांद्याच्या किंवा कमरेच्या शिवणीला धरून जोरात झटकावा, मग उलटा करून पुन्हा झटकावा. हे काम गच्चीत किंवा मोकळ्या अंगणात करावे. सदनिकेच्या गॅलरीतून झटकल्यास सगळा भुगा खालच्या मजल्यावरच्या दोरीवर जाऊन बसतो.

झटकल्यानंतर जे उरते ते शिवणीत, काजांभोवती, नेफ्यात आणि मोज्यांच्या लवचिक पट्टीत असते. तिथे कपडे झाडायचा ब्रश एकाच दिशेने फिरवावा. ब्रश नसेल तर भांडी घासताना वापरतो तो रबरी हातमोजा कोरडा करून घालावा आणि कापडावरून हलक्या हाताने एकाच दिशेने ओढावा, म्हणजे कपटे एका कडेला गोळा होतात. सपाट भागासाठी चिकटपट्टी बोटांना उलटी गुंडाळून टिपत जावे. लोकरीच्या स्वेटरवर आणि रेशमावर मात्र चिकटपट्टी वापरू नये, कारण तिने धागे ओढले जातात. तिथे मऊ ब्रशच योग्य. सगळे कपटे निघेपर्यंत इस्त्री करणेही टाळावे, कारण दाबाने आणि वाफेने ते पुन्हा कापडात बसतात.

व्हिनेगर घातल्याने कागद विरघळतो असा सल्ला अनेकदा दिला जातो. व्हिनेगरने सेल्युलोज विरघळत नाही, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवू नये. परदेशात राहणाऱ्यांकडे गरम हवेचा ड्रायर असतो. त्यात कपडे फिरवल्यास बराचसा कागद जाळीत जमा होतो, मात्र ही जाळी आधी आणि नंतर स्वच्छ करणे सक्तीचे समजावे, कारण तिथे साचलेला कोरडा भुगा पेट घेऊ शकतो. आपल्याकडच्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनमधला ड्रायर फक्त कपडे गरगर फिरवून पाणी काढतो. तो गरम हवा देत नाही, उलट लगदा कापडावर दाबून बसवतो, म्हणून असे कपडे त्यात घालू नयेत.

मशीनकडे दुर्लक्ष केले तर पुढच्या धुण्यात तेच कपटे परत येतात. टॉप लोड मशीनमधली जाळीची पिशवी काढून, उलटी करून धुवावी. फ्रंट लोड मशीनच्या दारातल्या रबराच्या घडीत बोटाला ओले फडके गुंडाळून फिरवावे. तिथे लगद्याची चक्क वात सापडते. बहुतेक फ्रंट लोड मशीनमध्ये पुढे खालच्या बाजूला छोट्या झाकणामागे पंपाची जाळी असते. मशीनचे बटण बंद करून, पाणी गार असल्याची खात्री करून आणि खाली ताट व जुना टॉवेल ठेवून ती हळूहळू फिरवून काढावी, कारण आत साठलेले पाणी बाहेर येतेच. त्यानंतर मशीन एकदा रिकामी चालवावी, आणि पुढच्या धुण्यात काळे कपडे न घालता पांढऱ्या चादरी किंवा टॉवेल घालावेत.