लोहाची गोळी अंगी कशी लागेल?

आधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची रक्ततपासणी करा. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली म्हणजे रक्तक्षय. 8 च्या खाली असेल तर पुढचं वाचत बसू नका, नागपुरातलं मेडिकल नाहीतर मेयो हे सरकारी रुग्णालय गाठा. आकडा 12 च्या वर आहे, तरी जिना चढताना धाप लागते? फेरिटिन बघा, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची रक्ततपासणी. ते 15 च्या खाली असेल तर लोहाचा साठा संपलाय.

विदर्भात सिकलसेलची तपासणीही करूनच घ्या. त्या आजारात रक्तपेशी फुटतात म्हणून हिमोग्लोबिन कमी असतं. फेरिटिन न बघता लोह घेतलं तर उपयोग नाहीच, वर अपायही होऊ शकतो.

गोळी निवडताना पाकिटावरचा ‘एलिमेंटल आयर्न’चा, म्हणजे गोळीतल्या प्रत्यक्ष लोहाचा आकडा वाचा. सरकारी दवाखान्यातल्या फुकट गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, तेवढं पुरतं. आठवड्याला एक हे प्रमाण रक्तक्षय होऊ नये म्हणून आहे; झालेल्या रक्तक्षयाची मात्रा डॉक्टर ठरवतील.

खरी गोची वेळेची आहे. ‘सकाळी नाश्त्यानंतर घ्या’ हा सल्ला नागपुरात कुचकामी. इथे नाश्ता म्हणजे तर्री-पोहे आणि लगेच चहा. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि गोळीतलं बरंचसं लोह आतड्यातून तसंच पुढे जातं. चहा सोडायची गरज नाही, दूर ठेवायचा: गोळीआधी एक तास आणि नंतर दोन तास चहा, कॉफी, दूध, दही, ताक काही नाही. ॲसिडिटीची गोळीही त्या वेळी नको. कॅल्शियमची गोळी दुपारी जेवणानंतर. थायरॉईडची गोळी सकाळी असेल तर दोन्हींत चार तास जाऊ द्या.

म्हणून रात्रीची वेळ धरा. साडेआठला जेवण, साडेदहा-अकराला गोळी, सोबत अर्धं लिंबू पिळलेलं पाणी. संत्र्याचे दिवस असतील तर एक संत्रं. त्यावर हळदीचं दूध प्यायलात तर सगळं मुसळ केरात!

मळमळतं म्हणून पाकीट कपाटात टाकणाऱ्या बायाच जास्त. तसं न करता डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घ्या. लोहाच्या मात्रेनंतर शरीर सुमारे दिवसभर पुढचं लोह कमी शोषतं, त्यामुळे दिवसाआड घेण्यात फारसं नुकसान नाही. तरीही जमलं नाही तर रात्री पोळीचे दोन घास खाऊन घ्या. शोषण थोडं घटेल, पण गोळी बंद होणार नाही. शौच काळपट होणं ठरलेलंच. डांबरासारखं चिकट, घाण वासाचं असेल तरच डॉक्टरांकडे जा.

बीट-डाळिंबाचा रस? रंग लाल आहे, इतकंच. 100 ग्रॅम बीटमध्ये एक मिलिग्रॅमही लोह नसतं. मटण, हळीव, लिंबू पिळलेले पोहे बरे.

चार आठवड्यांनी पुन्हा सीबीसी. हिमोग्लोबिन निदान 1 ने वाढायला हवं. वाढलं नाही तर गोळी बदलण्याआधी चहाची वेळ तपासा आणि पाळी बघा: सात दिवसांहून जास्त, गाठी पडतात, तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, असं असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक असाल तरी आकडा फारसा हलत नाही, असं होऊ शकतं.

12 झालं की बहुतेक जणी थांबतात. तिथून आणखी तीन महिने घ्या. साठा तेव्हाच भरतो. पाकीट मात्र उंच फळीवर ठेवा, लहान मुलाने मूठभर गोळ्या खाल्ल्या तर जिवावर बेततं.